भाऊजींचं फ्रेमवर्क आणि माझे पिकोचे पैसे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले. माहेर शिरूर कासारचं. दिवाळी झाली की वर्गातल्या निम्म्या मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि मास्तर उरलेल्या आम्हाला तेच धडे पुन्हा शिकवायचे, म्हणून जे आलं ते पक्कं आलं. तरी वेलांट्या चुकल्या असतील तर माफी असावी. माफी कोणाकडे मागते तेही कळत नाही, कारण ही वही कोणाला दाखवायची नाही. पण लिहायला बसलं की समोर कोणी बसलंय असं वाटतं, आणि समोर कोणी बसलं की माझी जीभ अडकते. हात अडकत नाही, म्हणून लिहिते.

आमचं भुसार मालाचं दुकान चौसाळ्याला हायवेच्या कडेला आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक उंबरा आणि त्यावर पडदा. उंबऱ्यावर सासूबाई बसतात. निम्म्या दुकानात, निम्म्या घरात. पलीकडे परका माणूस असेल तर मी पडद्याबाहेर जात नाही. काही विचारायचं असलं तर सासूबाईंच्या कानात सांगते आणि त्या मोठ्याने पलीकडे सांगतात. सांगताना त्यात स्वतःचं तिखटमीठ घालतात. त्यामुळे गावात मला लोक तोंडाळ समजतात.

मी घरी ब्लाऊज शिवते. तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती, पिकोचं मशीन. साडीची कड बारीक दुमडून मशीनवर शिवतात, तो पिको. आता नवी साडी पिकोशिवाय कोणी नेसत नाही. आमच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून बायका साडी घेऊन एस.टी.ने बीडला जायच्या, एकदा टाकायला आणि एकदा आणायला. बीडमधल्या एका बाईंचं मशीन विकायचं होतं. त्या सोलापूरला जाणार होत्या. "गुढीपाडव्यापर्यंत कुणाला देत नाही, तुम्हीच न्या," म्हणाल्या. किंमत बारा हजार. भिशीचे आणि शिलाईचे मिळून माझे बारा हजार त्या दिवाळीला झाले होते. मी फक्त बीडला सोबत कोण येतं याची वाट पाहत होते. एकटी जायची मला लाज. ती लाज मला महागात पडली.

कारण त्याच दिवाळीत भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुण्याहून कम्प्युटर घेऊन आले.

वर्षभर ते पुण्यात कम्प्युटर शिकत होते. गावात तेव्हा नुसता एस.टी.डी.चा बूथ आला तरी लोक बघायला जात. आमच्या दुकानात तर डब्बल गर्दी झाली. जंगमस्वामींना पूजेला बोलावलं, कम्प्युटरच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला. नारळाचं पाणी नेमकं बटणांवर सांडलं आणि भाऊजींचा जीव वरखाली झाला. मग मी कम्प्युटरला कव्हर शिवलं, खाली झालर लावून. शिवायच्या आधी टेप लावून त्याचं माप घेतलं. त्या सगळ्या कामात माप घेतलं गेलं ते तेवढंच.

भाऊजींचा बेत असा. भुसार दुकानात शेतकऱ्याचा माल आला की आपण पट्टी लिहून देतो. किती पोती, किती वजन, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. ही पट्टी कम्प्युटरवर निघाली पाहिजे. आधी आपल्या दुकानात, मग बीड, मग परळीपर्यंत सगळ्या दुकानांना तो प्रोग्राम विकायचा. बेत चांगला होता, हे मी आजही म्हणते. त्यात एक भागीदार होता, भाऊजींचा मित्र. बीडला टायपिंगचे क्लास घ्यायचा, प्रोग्राम लिहायचं त्याचं तो शिकला होता. तो रोज सकाळच्या गाडीने यायचा आणि दोघे कम्प्युटरपुढे बसून काम सुरू कसं करायचं यावर भांडायचे.

काम सुरू करत नव्हते. सुरू कसं करायचं, यावर भांडत होते.

"धा स्क्रीनचं काम हाय गड्या," भागीदार म्हणायचा. "वजन टाकायचं, हमाली-तोलाई काटायची, छापायचं. शून्यातून लिहू. पंधरा दिवस."

"तू अजून टायपिंगच्या क्लासमधीच हायस बे," भाऊजी म्हणायचे. "पुण्यात कुणी शून्यातून लिहीत न्हाई. फ्रेमवर्क घेतात. त्यात निम्मं काम आधीच झालेलं असतं."

"कोणतं निम्मं?"

"लॉगिन हाय, परवानग्या हाईत, रिपोर्ट हाय..."

"परवानगी कुणाची घ्यायची इथं? तुझ्या दादाची? ते तर समोरच तराजूला बसलेत."

"उद्या शंभर दुकानं झाली म्हंजे?"

"आज एक तर होऊ दे."

सासूबाई उंबऱ्यावर तूर निवडत. त्या मला विचारत, "कावून भांडायलेत गं हे?"

"काम सुरू कसं करायचं त्यावर, आई."

"आन् सुरू कवा करणार?"

"ते ठरलं की."

"तुझे सासरे असते तर येवढ्यात दोन दुकानं टाकली असती त्यांनी," असं म्हणून त्या खडे बाहेर फेकत.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. दिवसातून चार तास वीज असायची. वीज आली की वाटायचं आता काहीतरी लिहितील, पण भांडणाला वीज लागत नाही, त्यामुळे ते अंधारातसुद्धा चालू आणि उजेडातसुद्धा चालू. माझा स्टोव्ह मात्र सतत पेटलेला. एखाद्या लग्नघरात जात नाही इतकी साखर त्या दोघांच्या चहात गेली. भागीदार निदान कप उचलून उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायचा. आमचे भाऊजी कप तिथेच ठेवायचे. कपाचंही कोणीतरी फ्रेमवर्क करील याची बहुतेक वाट बघत असतील.

त्यांचं बोलणं ऐकून ऐकून मला त्यातलं थोडं समजायला लागलं होतं. फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच बेतून ठेवलेला सांगाडा. त्यात आपलं काम बसवायचं. आता बेतलेला नमुना ही गोष्ट मला चांगली माहीत. माझ्याकडे कागदाचे नमुने आहेत, छत्तीसचा, अडतीसचा, शाळेच्या फ्रॉकचे तर वयाप्रमाणे. शाळेचे साठ फ्रॉक आले तेव्हा नमुन्याशिवाय मी मेलेच असते. कागद ठेवायचा, खडूने रेघ मारायची, कापायचं. पण आमच्या गल्लीत एक बाई आहे, आयुष्यभर एकाच खांद्यावर ओझं वाहिलेली. तिचा एक खांदा दोन बोटं खाली आहे. तिचा ब्लाऊज मी एकदा नमुन्यावर कापला. मग उसवला, जोड दिला, पुन्हा उसवला. शेवटी नवं कापड माझ्या पैशाने आणलं आणि तिला उभी करून तिच्याच मापाने कापलं. अर्ध्या दिवसात झालं.

म्हणजे नमुना चांगला की वाईट, हा सवालच नाही. माप कोणाचं आहे ते आधी बघायचं. हे मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. तीन दिवस मनात घोळवलं. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "त्यांना विचारा, हा नमुना कोणाच्या मापाचा आहे?"

सासूबाईंनी पडद्याकडे तोंड केलं. "ए, सून विचारतीया, दोन महिने झाले चहा ढोसायलाव, ते तुमचं फ्रेमवर्क कुणाच्या मापाचं हाय ते तरी बघितलं का?"

चहाचं मी काही बोलले नव्हते.

भागीदार लगेच पडद्याला म्हणाला, "वैनीला म्हणा, बराबर विचारलं. मी बी तेच म्हणायलोय."

भाऊजी मात्र मोठ्याने हसले. "वहिनी, हे ब्लाऊज न्हाई!"

आमचे हे तराजूवरून म्हणाले, "ब्लाऊज निदान पंधरा दिवसात मिळतं बाबा." आणि पुन्हा पोती मोजायला लागले.

त्यावर सगळे हसले आणि माझा प्रश्न तिथेच राहिला. मी आत येऊन कणीक मळली. फार मळली, त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्यांनी नावाजल्या.

संक्रांत जवळ आली. तुरीचा हंगाम तोंडावर. भाऊजी म्हणाले, आता महादेवापुढे चिठ्ठ्या टाकू, निघेल ते दोघांनी मान्य करायचं. भागीदार बिचारा कबूल झाला. आमच्याकडे सोयरीक अडली, वाटणी अडली, तर देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. दोन बंद चिठ्ठ्या, एकात हे, एकात ते. कम्प्युटरच्या कामात महादेवाला घातलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. चिठ्ठ्या भाऊजींनी लिहिल्या. एक उचलायला सासूबाईंना बसवलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांचा हात निर्मळ, असं भाऊजींनीच सांगितलं. सासूबाईंनी डोळे मिटून एक उचलली. भाऊजींनी उघडून दाखवली. फ्रेमवर्क.

"महादेवाचीच मर्जी," भाऊजी म्हणाले. भागीदाराने हात जोडले.

दुपारी देवघर झाडताना दुसरी चिठ्ठी पाटाखाली सापडली. मी उघडली. चौथी शिकलेली असले तरी अक्षरं ओळखते. तिच्यातही फ्रेमवर्कच लिहिलं होतं.

मी ती चिठ्ठी घेऊन उभी राहिले. पलीकडे दोघे हसत होते, कधी नव्हे ते भांडण मिटलं होतं. पडदा बाजूला करून ती चिठ्ठी दाखवायची, एवढंच काम होतं. सासूबाईंना सांगता आलं असतं, पण मग त्यांच्या हातून देवापुढे खोटं झालं हे त्यांना सांगावं लागलं असतं. मी ती चिठ्ठी चुलीत टाकली आणि वर चहाचं आधण ठेवलं. तो चहा दोघांनी प्यायला. माझा भित्रेपणा म्हणा किंवा घराची अब्रू म्हणा. मी तेव्हा अब्रू म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, फ्रेमवर्क विकत घ्यावं लागतं. पुण्याची पार्टी बारा हजार म्हणतेय. तुमच्याकडं पडून हाईत ना? एक महिना. पाडव्याच्या आत परत."

पडून आहेत, म्हणाले. जसं काही कोणी टाकून गेलं होतं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी भाताकडे पाहिलं. "घरातल्या घरात हाय, द्यायचे तर दे," म्हणाले. माझ्या तोंडातून पिको हा शब्द बाहेर आलाच नाही. मी उठले, डब्यातून पैसे काढले आणि दिले. भाऊजींनी ते न मोजता खिशात घातले. मी तीन वर्षं मोजत होते.

पुण्याहून दोन सी.डी. आल्या आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. भागीदाराने ते चाळलं आणि म्हणाला, "ह्यात आपल्या कामाचं पान कोणतं?" भाऊजी म्हणाले, "सगळं पुस्तकच कामाचं हाय." दोघे कामाला लागले, म्हणजे खरं सांगायचं तर त्या सांगाड्यात दुकान कोंबायला लागले.

ते फ्रेमवर्क कुठल्या तरी मोठ्या कचेरीसाठी केलेलं असावं. त्यात एक कारकून लागतो, एक वरचा साहेब लागतो आणि त्याच्यावर मॅनेजर. कारकुनाने लिहायचं, साहेबाने तपासायचं, मॅनेजरने मंजूर करायचं, मग पट्टी छापणार. आमच्या दुकानात दोन भाऊ आणि दोन हमाल. मग तिन्ही जागा भाऊजींनीच घेतल्या. एका नावाने आत जायचे, पट्टी लिहायचे, बाहेर यायचे. दुसऱ्या नावाने आत जायचे, स्वतःचंच लिहिलेलं तपासायचे, बाहेर यायचे. मग मॅनेजर होऊन मंजुरी द्यायचे. एकदा मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, साहेब झालेले भाऊजी कारकून झालेल्या भाऊजींच्या चुकीवर चिडून "हॅ!" म्हणाले. बाहेर बैलगाड्या उभ्या.

शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पिन कोड आणि ईमेल भरल्याशिवाय ते पुढे सरकायचंच नाही.

"मामा, तुमचा ईमेल?" भाऊजींनी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"बैल दोन हाईत," म्हाताऱ्याने मुकाट सांगितलं. एवढ्या चौकशा चालल्यात तर हेही विचारत असतील असं त्याला वाटलं असावं.

मग भाऊजी सगळ्यांच्या पुढे स्वतःचाच ईमेल टाकायला लागले. चौसाळ्याच्या पंचक्रोशीतले सगळे शेतकरी त्या कम्प्युटरात भाऊजीच होते.

इथपर्यंत नुसतं हसण्यासारखं होतं. घोळ झाला तो भावात. आमच्याकडे शेतकरी तूर आणून टाकतो, पण भाव त्याच दिवशी ठरवत नाही. माल आपल्याकडे ठेवतो, लागतील तसे थोडे पैसे नेतो आणि बाजार चढला की कधीतरी येऊन म्हणतो, शेट, आजचा भाव धरा. तोवर पट्टीवर वजन लिहायचं आणि भावाची जागा कोरी सोडायची. ती कोरी जागा आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. तिच्यावरच लोक आमच्याकडे येतात, पंख्याखाली बसवतो म्हणून नाही.

फ्रेमवर्कला कोरी जागा चालत नव्हती. भाव टाका, म्हणायचं. शून्य टाकलं तर तेही घ्यायचं नाही.

"ह्याला भाव पाहिजेच," भागीदार म्हणाला. "हे सोड. अजून बी सांगतो, शून्यातून लिहू."

"महादेवानं काय सांगितलं?" भाऊजी म्हणाले.

मी आत पोळी लाटत होते. लाटणं हातातून खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

"सध्या एक रुपया टाकू," भाऊजी म्हणाले. "भाव ठरला की बदलू. शुभ असतो एक रुपया."

झालं. पंधरा दिवस सगळ्या पट्ट्यांवर भाव एक रुपया क्विंटल. छापलेली पट्टी बघायला मिळाली म्हणून लोक खुशीने घडी घालून घरी नेत. घरी गेल्यावर कोणाचा तरी शाळेत जाणारा नातू ती वाचत असेल. एका सकाळी एक पैलवान गडी दुकानात आला. मिशा पांढऱ्या, आवाज मात्र हायवेपर्यंत जाणारा. त्याने पट्टी तराजूवर ठेवली.

"शेट, नऊ क्विंटल तूर टाकली म्या. बराबर?"

"बराबर, पाटील," हे म्हणाले.

"ह्यात लिवलंय, तुरीचे झाले नऊ रुपये. हमाली-तोलाई छत्तीस. म्हंजे मीच तुमचं सत्तावीस रुपये देणं लागतो."

यांनी पट्टी हातात घेतली. वाचली. भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी त्या वेळेला नेमके मॅनेजर होते.

पाटलांनी कोपरीच्या खिशातून सत्तावीस रुपये काढले आणि एकेक करून तराजूच्या पारड्यात टाकले. "घ्या. तूर बी घ्या, सत्तावीस बी घ्या. जोडे बी नवे हाईत, काढून ठिवू का?"

"पाटील, ते मशीनचं..."

"मशीनला पैसं देऊ का तुमाला? कोणाच्या हातात देऊ तेवढं सांगा."

बाहेर माणसं जमली होती. हसणं आधी बाहेरून आलं, मग आमच्या हमालांनी तोंडावर रुमाल धरला. यांनी सासऱ्यांच्या वेळची वही काढली, हाताने पट्टी लिहिली, भावाची जागा कोरी सोडली आणि दोन्ही हातांनी पाटलांना दिली. पण आठ दिवसांत हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात ती पट्टी फिरली. लोक येऊन यांना विचारायचे, "शेट, तूर टाकायची हाय, किती पैसे आणू?" पुष्कळ तूर त्या वर्षी दुसऱ्या दुकानात गेली. यांनी कम्प्युटरवर माझं झालरीचं कव्हर घातलं आणि भाऊजींना म्हणाले, "काढू नको. मी सांगेपर्यंत."

पाडवा आला. मी पैशाचं कसं विचारणार? दुकान निम्मं रिकामं होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बीडच्या बाईंचा निरोप आला, मशीन घ्यायला कधी येता, सामान बांधायला घेतलंय. मी निरोप पाठवला, जमत नाही. त्यांनी ते मशीन बसस्टँडजवळच्या एका बाईला दिलं. आजही मी कधी बीडला गेले की त्या दुकानावरून जाते. दारात बायकांची रांग असते. चौसाळ्याच्या पण दोघी-तिघी दिसतात. त्या मला हात करतात, मी पण करते.

उन्हाळ्यात यांना विचारून भागीदार एकटाच येऊन बसला आणि त्याने शून्यातून लिहिलं. पंधरा दिवस म्हणाला होता, सतरा लागले. त्यात साहेब नव्हता, मॅनेजर नव्हता, ईमेल नव्हता आणि भावाची जागा कोरी राहत होती. पुढच्या हंगामात आमच्या पट्ट्या त्यावर निघाल्या. बीडमधल्या चार-पाच दुकानांनी पण घेतला. आता त्याचंही खरं तेवढं लिहिते. त्याने काय लिहिलंय ते त्याच्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नव्हतं. त्याचं लग्न लागलं तेव्हा प्रोग्राम बंद पडला आणि नवरदेवाची हळद उतरेपर्यंत सगळ्या दुकानांनी हाताने पट्ट्या लिहिल्या. पण निदान शेतकऱ्याकडे कोणी उलटे पैसे मागितले नाहीत.

प्रोग्राम विकला गेला तशी भाऊजींची मान पुन्हा ताठ झाली. पैसेही आले. त्यातून भाऊजींनी मोटारसायकल घेतली. माझ्या बारा हजारांचं नाव नाही. घरातल्या घरात दिलेला पैसा पाण्यात टाकलेल्या खड्यासारखा, दिसत पण नाही आणि आवाज पण येत नाही.

मग एक दिवस परळीकडचे दोन व्यापारी प्रोग्राम बघायला आले. बैठक भरली, मी पोहे केले. पडद्यापलीकडून भाऊजींचा आवाज आला. "शेट, हे काम सुरू करताना मोठा प्रश्न असतो, फ्रेमवर्क घ्यायचं का न्हाई. आता फ्रेमवर्क म्हंजे काय, तर शिंप्याचा नमुना. शाळेचे साठ फ्रॉक शिवायचे तर नमुना पाहिजे. पण माणसाचा खांदा वाकडा असंल तर त्याचंच माप घ्यावं लागतं. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"वा, काय बोललात!" एक व्यापारी म्हणाला.

पोह्यांची ताटली माझ्या हातात तशीच राहिली. तो वाकडा खांदा, ते साठ फ्रॉक मी नंतर कधीतरी जेवताना सासूबाईंना सांगितले होते. भाऊजी तेव्हा पेपर वाचत होते. म्हणजे वाचत नव्हते.

मी ताटली खाली ठेवली. मी सासूबाईंजवळ खाली बसले आणि म्हटलं, "आई, त्यांना म्हणावं, नमुन्याचे बारा हजार शिंपिणीला अजून मिळाले नाहीत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी वाढवतील. पण त्या दिवशी त्यांनी एक शब्दही वाढवला नाही. जसंच्या तसं, मोठ्याने, पडद्यापलीकडे सांगितलं.

आधी भागीदार हसला. मग व्यापारी हसले. एक जण म्हणाला, "शेट, आधी शिंपिणीचं भागवा, मग आमचं माप घ्या." आमचे हे हसले नाहीत. ते म्हणाले, "बारा हजार. मी साक्षी हाय." एवढंच म्हणाले, पण चारचौघांत म्हणाले.

भाऊजी दोन दिवस माझ्या हातचं जेवून लगेच बाहेर पडायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, सगळे एकदम न्हाई जमणार. मी पुण्याला चाललोय नोकरीला. दर महिन्याला दादाकडं पाठवीन."

मी पडद्यामागे नव्हते, समोर होते, आणि सासूबाई देवळात गेल्या होत्या. मग मलाच बोलावं लागलं. "तुमच्या दादांकडे नको," मी म्हटलं. "माझ्या नावानं पाठवा."

माझ्या नावाने मनिऑर्डर यायला लागली. पोस्टमन पहिल्यांदा दारात माझं नाव घेऊन ओरडला तेव्हा मी आत पळाले, आणि सासूबाईंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. "तुझे हाईत, तूच घे," म्हणाल्या. सही करायला मी इतका वेळ लावला की पोस्टमन म्हणाला, वहिनी, अंगठा चालतो. मी म्हटलं, नको, सही येते मला.

मनिऑर्डरच्या कागदावर खाली दोन ओळी लिहायला जागा असते. भाऊजी तिथे पुण्याची खबर लिहायचे. "नवीन कंपनी. इथं चांगलं फ्रेमवर्क आहे." दोन महिन्यांनी, "ते फ्रेमवर्क बंद. आता दुसरं शिकतोय." मग, "हे तिसरं. सगळ्यात भारी आहे." पैसे कधी पाचशे, कधी हजार. दोन महिने आलेच नाहीत, तेव्हा मी एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर फक्त एवढंच लिहिलं, किती राहिले तो आकडा. पुढच्या आठवड्यात पैसे आले.

सेकंडहँड मशीनसुद्धा आता पंधराच्या खाली मिळत नाही. ते मी बघेन. शिलाई चालू आहे.

आज दुपारी पोस्टमन आला. मी पीठ चाळत होते, हात तसेच घेऊन बाहेर गेले. शेवटचे सातशे होते. त्याने ओट्यावर मोजून दिले, मी त्याच्यासमोर पुन्हा मोजले. मग सही केली आणि आत येऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, बारा हजार पूर्ण झाले."